गाळा क्रमांक चौदा

‘तुम्ही मोजलं नाहीत. मोजल्याचं लिहिलंत. धडधाकट माणसाच्या मरणाचा दाखला काढलात आणि खाली सही ठोकलीत. हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?’

एवढं लिहून थोरल्यानं पेन कानावर खोचलं. समोर प्लंबर ताटकळला होता. त्याला अर्ध्या इंचाचे चार एल्बो आणि टेपचं एक रीळ काढून दिलं. प्लंबर वळतोय तोवर त्याच्या काखेतून एका सुताराचा हात पुढे आला. हातात मोडकी बिजागरी. अशीच हवी, पण मोडणार नाही अशी. थोरल्यानं न बघता मागच्या फळीवरून डबा ओढला, सहा बिजागऱ्या मोजल्या, आणि पुन्हा कागदापाशी आला. पुढचं वाक्य मात्र सुचेना. रागाचं असंच असतं, पहिल्या चार ओळींत संपतो.

त्याची मधली बहीण दारात उभी राहून हे बघत होती. बसडेपोत वेळनोंदीचं काम करून तिला एकवीस वर्षं झाली होती. कोण कधी आलं, कधी गेलं, हे उभ्याउभ्या टिपायची तिला खोडच लागलेली. आज तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. दुपारी चारला नगरपरिषदेची सभा होती, आणि परिषदेच्या नऊ सदस्यांत ती एक होती.

सभेपुढे विषय एकच होता. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर मॉल होऊ द्यायचा की नाही. एका छपराखाली सगळं, समोर सहाशे गाड्यांची सोय. गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांचं काय होईल, या प्रश्नाचं उत्तर नियोजन अधिकाऱ्याच्या अहवालात तयार होतं. रस्त्यावर दुकानं सव्वीस, त्यातली अकरा आधीच बंद. म्हणजे रस्ता आपल्या मरणानंच मरतोय, मॉलवर ठपका नको. सोबत परिशिष्ट तीन, त्यात अकरांची यादी. ओळ पाचवी : ‘गाळा क्रमांक चौदा. हार्डवेअर. बंद, चार वर्षांपासून.’

तो हाच गाळा. ज्यात या घटकेला पाय ठेवायला जागा नव्हती.

“पूर्ण झाला की सभेत तूच वाच,” थोरला म्हणाला. “मोठ्यानं वाच. त्या अधिकाऱ्याच्या तोंडावर.”

“वाचला तर माझं मत जाईल, दादा.”

मग तिनं सगळं सांगितलं. कालच परिषदेच्या कायदा कारकुनानं तिला बोलावून घेतलं होतं. नियम असा की, ज्या सदस्याचा त्या रस्त्यावर चालू धंद्यात हिस्सा असेल, त्यानं या विषयावर मत द्यायचं नाही, खुर्चीतून उठून जायचं. दुकानाच्या कागदावर वडिलांच्या मागे तिघांची नावं होती, थोरला, मधली, धाकटा. पण अहवालाप्रमाणे गाळा बंद, म्हणून धंदा नाही, म्हणून हिस्सा नाही, म्हणून तिला मत देता येईल. कारकून बिचारा खूश होऊन सांगत होता. जणू काही तिचं काम करून दिलंय.

आणि मताचा हिशेब लहान पोरालाही कळेल असा होता. मॉलच्या बाजूनं चार, त्यात खुद्द अध्यक्ष. विरोधात चार. नववी ती. ती उठून गेली तर चार-चार, आणि समसमान झालं की अध्यक्षांना आणखी एक मत. म्हणजे दुकान चालू आहे असं तिनं सांगितलं की मॉल मंजूर.

थोरल्यानं कागदाची चौघडी केली, वजनकाट्याखाली सारली आणि म्हणाला, “मग बंद आहे म्हण.”

हे थोरला बोलला. ज्यानं एका रंगाऱ्याला जास्तीचा आलेला ब्रश परत द्यायला शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत सायकल मारली होती, तो थोरला. मधलीला एकदम वडिलांची आठवण झाली, आणि ते आज नाहीत याचं मनातून बरंही वाटलं.

तिची वहिनी आत खिळे तोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “चार वर्षं मी इथं काय करतेय मग? भुताटकी?”

आता हा गाळा दोन्ही कसा, बंद आणि चालू, ते सांगायला हवं. वडील गेल्यावर दोघा भावांचं पटेना. वाटणी करायची ठरली, आणि ती कुणी करून दिली, तर मधलीनं. जगात कुणीही दुकान वाटताना उभं वाटेल, म्हणजे दोघांनाही रस्ता मिळेल. या घरात आडवं वाटलं. धाकट्याला गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला आवडायचं, त्याला पुढचा भाग. दिवे, रंग, बादल्या, झाडू. थोरल्याला गिऱ्हाइकापेक्षा बिजागरी बरी वाटायची, त्याला मागचा. पाइप, स्क्रू, कुलपं, आणि मागच्या बोळात उघडणारं दार. मधे प्लायवूडची भिंत. ती ठोकली त्या दिवशी मधलीला सगळ्यांनी शाबासकी दिली होती. भांडण नाही, कोर्ट नाही, एका दुपारीत काम झालं.

दोन वर्षांत धाकट्याचा पुढचा धंदा बसला. त्यानं शटर ओढलं आणि टेम्पो घेतला. थोरल्यानं पुढचा भाग मागितला नाही, धाकट्यानं देऊ केला नाही. आधी तो बोलू दे, असं दोघांचं चाललेलं. तेव्हापासून चार वर्षं दुकानाला पाठ होती, तोंड नव्हतं. कारागिरांना त्याचं काही नव्हतं, ते बोळातूनच यायचे. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं ते गंजकं शटर आणि त्यावरचं धाकट्याचं नाव.

नेमका तोच धाकटा तेवढ्यात बोळातून आत आला.

चार वर्षांत पहिल्यांदा. दारातून वाकून यावं लागतं हे तो विसरला होता, कपाळ आपटलं. वहिनी म्हणाली, “सावकाश, भावजी. घर ओळखीचं नाही तुमच्या.” तो कसनुसा हसला आणि पाइपांच्या ढिगावर बसला. थोरल्यानं बिजागऱ्यांचा डबा उगाच पुन्हा मोजायला घेतला.

धाकटा मधलीशी बोलायला आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. खोट्या कागदावर मत देणं बरं नाही. उद्या कुणी काढलं तर तिची सदस्यकी जाईल, डेपोतली नोकरी गोत्यात येईल. आख्ख्या गावात तिच्या नोंदीवर लोक घड्याळं लावतात, तिनं कशाला स्वतःला डाग लावून घ्यावा. दुकान चालू आहे ना, मग चालू म्हणून सांगावं, आणि बाहेर बसावं. सुटसुटीत.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मॉलवाले तुला काय देतायत?”

धाकटा बुटाच्या लेसशी खेळत बसला. शेवटी बोलला. मालवाहतुकीचं काम. तीन टेम्पो, पाच वर्षांचा करार, महिन्याच्या महिन्याला पगारासारखं. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढच्या महिन्यात काय आहे ते आधी कळणार होतं. “मी काय चोरी करतोय का, ताई?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. खरंच विचारत होता.

ती नाही म्हणाली. ते खरंही होतं.

पण थोरल्याचा डबा खाली आपटला. “आणि हे बंद म्हणून सांगितलं कुणी त्यांना? गाळ्याला काय तोंड आहे बोलायला?”

धाकट्यानं तेही सांगितलं. मार्चमध्ये परिषदेतून फोन आला होता. शटरवर त्याचं नाव, त्याखाली त्याचाच नंबर. एका मुलीनं विचारलं, गाळा क्रमांक चौदा बंद आहे का. तो तेव्हा टेम्पो चालवत होता. हो म्हणाला. कधीपासून? चार वर्षं. आभारी आहे. संपलं. माझ्या अर्ध्याचं मी खरंच सांगितलं, असं तो दोनदा म्हणाला.

बघा आता. ज्यानं बंद म्हणून सांगितलं, तो ‘चालू म्हण’ म्हणत होता. ज्याचा बंद म्हटल्यानं जीव तळमळत होता, तो ‘बंद म्हण’ म्हणत होता. आणि दोघंही तिच्याकडे बघत होते, लहानपणी पतंग फाटला की बघायचे तसे.

थोरल्यालाच युक्ती सुचली. मधलीनं त्याला सांगितलं होतं की नुसतं विरोधात मत देऊन भागणार नाही. मॉलवाले वर अपिलात जाणार, आणि वरचे लोक अहवालच बघणार. अकरा बंद हा आकडा तसाच राहिला, तर आजचा नकार महिन्याभरात कचऱ्यात. म्हणजे आकडा खोडायलाही हवा आणि मतही द्यायला हवं. “मग दुसऱ्यांची सांग ना,” थोरला म्हणाला. “त्या यादीत आणखी खोटी असतीलच. ती खोड. आपलं तेवढं राहू दे.”

वाईट नव्हती युक्ती. उलट इतकी चांगली होती की मधलीला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

ती परिशिष्ट घेऊन पुढच्या रस्त्यावर गेली. इतक्या लोकांनी तो कागद हाताळला होता, पण वरच्या कोपऱ्यातली बारीक ओळ तिच्याच नजरेत भरली, कारण तिचं आयुष्यच तसल्या ओळींत गेलं होतं. ‘पाहणीची वेळ : दुपारी १.१० ते २.४०.’

एक ते तीन हा रस्ता जेवतो. वडिलांच्या लहानपणापासून जेवतो. शटर अर्ध्यावर किंवा पुरतं खाली, आत पंखा आणि एक डुलकी. इथं जन्मलेल्या कुत्र्यालाही हे ठाऊक आहे. अधिकाऱ्याला नव्हतं, कारण तो आणि त्याचे पाहणीदार जेवण आटोपून इथं आले होते. आपलं पोट भरलं की जगाची जेवणाची वेळ संपली, असं समजणारी ही जात.

सव्वातीनला तिनं पुन्हा फेरी मारली. यादीतला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला. चपलांच्या दुकानात एक बाई तिसरी जोडी नाकारत होती. चष्मेवाला, छत्र्या दुरुस्त करणारा, पुस्तकं बांधणारा, काच कापणारा आणि सायकलवाला, सगळे आपापल्या जागी. तिनं प्रत्येकासमोर वेळ टिपली. सात उघडी. तीन खरोखरची बंद, तीही तिनं तशीच लिहिली. उरला चौदा नंबर. त्या गंजक्या शटरसमोर ती थोडी थांबली. आतून, प्लायच्या भिंतीपलीकडून, वहिनी कुणाला तरी पाऊण इंच आणि एक इंचातला फरक समजावत होती. मधलीनं पेन टोपणात घातलं आणि तशीच सभेला गेली.

सभागृहात खुर्च्या कमी आणि पंखे त्याहून कमी. लोकांसाठी मागे बाकं होती. थोरला भिंतीकडच्या टोकाला, धाकटा दाराकडच्या टोकाला. मधे चारपाच दुकानदार दाटीवाटीनं बसलेले.

नियोजन अधिकाऱ्यानं अहवाल वाचला. माणूस वाईट नव्हता. नीट इस्त्रीचा, नीट आवाजाचा, आपण लिहिलेलं आपल्याला पटलेला. असे फार नुकसान करतात. त्याचं झाल्यावर मधली उभी राहिली आणि घाई न करता वाचू लागली. गाळा क्रमांक दोन, घड्याळदुरुस्ती, तीन वाजून सतरा मिनिटांनी उघडा, आत दोन गिऱ्हाइकं. गाळा क्रमांक पाच, पादत्राणं, तीन एकोणीस, उघडा. अशी सात. शेवटी एवढंच म्हणाली की पाहणी जेवणाच्या सुट्टीत झाली आहे आणि हा आकडा रद्द करावा.

बाकांवर हालचाल झाली. एक दुकानदार शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून बसला. मॉलच्या बाजूच्या चौघांपैकी एकानं परिशिष्ट उलटून वरची ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मधलीला वाटलं, झालं. बसायला ती खुर्ची मागे ओढतच होती.

“एक शंका,” अधिकारी म्हणाला. आवाज तसाच नीट. “बाईंनी सात गाळे तपासले. तीन बंद असल्याचं त्यांच्याही कागदावर दिसतं. हे झाले दहा. यादी अकरांची आहे. चौदा नंबरचं काय? तो बंद आहे हे बाईंना मान्य आहे ना?”

त्याला माहीत होतं की नव्हतं, हे तिला पुढे कधीच कळलं नाही. मान्य आहे, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. दोन शब्दांत मत हातात, मॉल बाहेर, रस्ता वाचला, अपिलालाही सात गाळ्यांचा आधार. तिनं मागे पाहिलं. थोरला हळूच मान हलवत होता, हो म्हण. धाकटा मान हलवत नव्हता. ती ‘चालू’ म्हणाली तर त्याला हवं तेच होणार होतं, तरी त्याचा चेहरा उतरला होता.

एकवीस वर्षांत तिनं एकच काम केलं होतं. उशिरा आलेल्या गाडीपुढे उशिरा असं लिहिलं होतं, मग ड्रायव्हर सख्खा मावसभाऊ का असेना. सात खऱ्या नोंदींच्या शेपटाला ही एक खोटी बांधली, की त्या इस्त्रीवाल्याच्या कागदात आणि तिच्या कागदात फरक काय राहिला?

“नाही,” ती म्हणाली. “चौदा नंबर चालू आहे. मागच्या बोळातून चालतो. रोज सकाळी सातपासून. त्यात तिसरा हिस्सा माझा आहे.”

मग गडबड झाली ती कागदांची. कायदा कारकून वाकून अध्यक्षांच्या कानाशी लागला. अध्यक्षांनी चेहरा गंभीर केला, पण तो गंभीर राहीना. नियमाप्रमाणे बाईंना या विषयावर मत देता येणार नाही, त्यांनी कृपया बाहेर बसावं, असं ते म्हणाले. मधलीनं आपली पिशवी उचलली, खुर्ची आत सारली आणि मागच्या बाकांकडे निघाली. भिंतीकडे बघायचं तिनं टाळलं. थोरल्यानंच सरकून जागा केली. तिच्या हातातली पिशवी त्यानं घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

“शिवाय,” अधिकारी म्हणाला, त्याला आता चेव चढला होता, “चौदा नंबरच्या मालकानं स्वतः फोनवर बंद असल्याचं सांगितलंय. नोंद आहे आमच्याकडे. तेव्हा बाई सांगतात ते खरं की मालक सांगतात ते, हे सभेनं ठरवावं.”

दाराकडच्या टोकाला धाकटा उभा राहिला. कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. मॉलवाल्यांचा माणूस त्याच्या पुढच्याच रांगेत होता आणि तो मान वळवून बघत होता.

“तो मी,” धाकटा म्हणाला. “पुढच्या अर्ध्याचं सांगितलं मी. मागे माझा भाऊ बसतो हे त्यांनी विचारलंच नाही. आणि मीही सांगितलं नाही.” एवढं बोलून तो बसला. तीन टेम्पो, पाच वर्षं, एका वाक्यात गेले हे त्या सभागृहात फक्त तिघा भावंडांना आणि त्या माणसाला कळलं. थोरला पहिल्यांदाच त्या टोकाकडे बघत होता.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. चर्चा पुरेशी झाली आहे, हरकतींची मुदत गेल्या महिन्यातच संपली आहे, आकड्यांबद्दल काही असेल तर लेखी कळवावं, यथावकाश उत्तर मिळेल. आता मतदान घेऊ. बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत.

चष्मा पुसणारा सदस्य अजून पुसतच होता. त्याचा हात वर गेला नव्हता.

मधली बाकावरून उठली. अध्यक्ष म्हणाले, बाई, आपल्याला मत नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे, ते मी तिथं खुर्चीवर ठेवून आलेय. आता मी रस्त्यावरची दुकानदार म्हणून विचारतेय, आणि दुकानदाराला विचारायला मनाई आहे असा नियम असेल तर तो आधी वाचून दाखवा. कारकुनानं नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि मिटलं.

“तुमच्या यादीतले आठ गाळे आत्ता, या क्षणी उघडे आहेत,” ती म्हणाली. आवाज डेपोतलाच, गाडी सुटायच्या आधी लावायचा तसा, चढा नाही आणि कमीही नाही. “इथून चालत चार मिनिटं. चौदा नंबरात माझी वहिनी बसलीय, बोळातून जा, दारात डोकं सांभाळा. जाऊन मोजून या, आम्ही थांबतो. नाहीतर मोजायचं नाही असं आम्ही ठरवलं, हे आजच्या इतिवृत्तात लिहा आणि खाली सही करा. यथावकाश नको. लेखी नको. जाताय की सही करताय? सांगा.”